चित्र पाहताना काय विचारावे?

घरातील वडीलधाऱ्यांना दिवसभरात किती प्रश्न विचारले जातात आणि त्यांपैकी औषध, झोप, पोट व रक्तदाब यांच्याबाहेरचे किती असतात, याचा एकदा हिशेब करून पाहा. बहुतेक घरांत आकडा एक-दोनच्या पुढे जाणार नाही. यात मायेचा अभाव नसतो. पण सत्तरीनंतर माणसाची सारी ओळख प्रकृतीच्या विचारपुशीत विरत जाते. जलरंगाच्या गटाविषयी आज लिहीत आहे, ते मुख्यतः याच कारणासाठी. चार-पाच समवयस्कांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे, रंगवावे आणि शेवटी सर्वांची चित्रे भिंतीला टेकवून ती मिळून पाहावीत. त्या वेळी कोणीतरी विचारते, "हे झाड जांभळे का केलेत?" या प्रश्नाचे उत्तर जगात त्या एकाच माणसाकडे असते. कित्येक महिन्यांत असा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो.

मात्र चित्र इतरांपुढे ठेवणे सोपे नाही. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असतील. काहींना त्यांत 'सी' श्रेणी मिळाली असेल. काहींना तर बसूच दिले गेले नसेल. "मला चित्रकला येत नाही" हे वाक्य पुष्कळदा तेव्हापासून जपलेले असते. म्हणून गट सुरू करताना पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे की येथे श्रेणी नाही, क्रमांक नाही आणि दुसऱ्याच्या कागदावर कोणी कुंचला चालवायचा नाही. हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. गटात निवृत्त कलाशिक्षक असतील तर त्यांना तो पाळणे जड जाते, हे मान्य. तरीही त्यांनी तो पाळावा. न मागितलेल्या दुरुस्तीमुळे नवखा माणूस पुढच्या आठवड्यात येत नाही, आणि न येण्याचे कारण तो गुडघेदुखी सांगतो.

जलरंगच का, असेही कोणी विचारील. खर्च थोडा, वास नाही, आवरायला पाणी पुरते. पण या माध्यमाचा स्वभावही विचारात घेण्याजोगा आहे. येथे पांढरा रंग बहुधा लावायचा नसतो. कागदाचा शुभ्रपणा राखून ठेवायचा असतो, आणि एकदा बसलेला गडद डाग सहजी पुसता येत नाही. सावंतवाडीत जन्मलेले सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे 'ग्लो ऑफ होप' हे प्रसिद्ध चित्र जलरंगातलेच आहे. हातात दिवा घेतलेली, ज्योतीवर तळहात धरलेली ती स्त्री म्हणजे त्यांची कन्या गीता. मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील या चित्रासमोर लोक थांबतात आणि बोटांमधून झिरपणारा तो उजेड पाण्याच्या रंगांनी कसा साधला असेल, असे एकमेकांना विचारतात. अनेकजण हे चित्र राजा रविवर्म्याचे समजतात, हा भाग वेगळा.

आपल्याला त्या उंचीशी कर्तव्य नाही. जालन्यातील मंडळींना विषय शोधायला दूर जावे लागत नाही. मोती तलावाचे सकाळचे पाणी आहे, कुंडलिकेचा काठ आहे, आणि काहीच सुचले नाही तर ताटलीत एक मोसंबी ठेवावी. हिरव्यातून पिवळ्याकडे जाणारी तिची साल रंगवताना एक तास कसा जातो ते कळत नाही. उन्हाळ्यात मात्र वेळ सकाळचीच धरावी. आपल्याकडच्या कोरड्या हवेत आणि चाळिशीपार गेलेल्या पाऱ्यात ओला रंग पसरण्याआधीच वाळतो व कडा उमटतात. कागद दोन्ही बाजूंनी ओला करून घेतल्यास थोडी सवड मिळते. जाड, ३०० जीएसएमचा कागद घेतला तर तो पाण्याने फारसा फुगत नाही.

या साऱ्याचा मेंदूला काही उपयोग होतो का? २०१४ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात जर्मनीतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतरच्या २८ व्यक्तींचे दोन गट करून एका गटाने दहा आठवडे स्वतः कलाकृती घडवल्या, दुसऱ्याने संग्रहालयात कलाकृती पाहून त्यांवर चर्चा केली. स्वतः घडवणाऱ्यांच्या मेंदूच्या काही भागांतील परस्परसंपर्क अधिक सुधारलेला आढळला. अभ्यास लहान आहे, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण गटातील वेळ वाटताना तो ध्यानात ठेवण्यास हरकत नाही: आधी भरपूर रंगवणे, गप्पा नंतर.

चित्रे नियमित पाहिली जातात तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात येऊ शकते. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश आत कमी पोहोचतो. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या त्या काळातील चित्रांत तांबूस-तपकिरी छटा वाढल्या होत्या. १९२३ मध्ये, ८२व्या वर्षी, त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. आपल्या गटातील कोणाचे आकाश अलीकडे सतत मातकट येत असेल तर "रंग चुकला" असे म्हणू नये. कदाचित त्यांना ते तसेच आवडत असेल. तरी एकदा नेत्रतपासणी झाली का, एवढे घरच्यांनी हळूच विचारावे.

हात थरथरत असल्यास कोपर टेबलावर टेकवावे, कुंचल्याच्या दांडीला फडके किंवा स्पंज गुंडाळून ती जाड करावी. टोक करण्यासाठी कुंचला ओठांत धरण्याची सवय पुष्कळांना असते; ती सोडावी, कारण काही रंगांत शरीराला अपायकारक धातू असतात. कुंचला धुण्याचे पाणी पिण्याच्या पेल्यासारख्या भांड्यात कधीही ठेवू नये. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती सोबत असेल तर याबाबत विशेष दक्षता घ्यावी.

शेवटी, घरच्यांसाठी. आई-वडील चित्र घेऊन घरी आले की "वा, छान!" म्हणून आपण मोकळे होतो. बालवाडीतल्या मुलाला म्हणावे तसे हे असते, आणि त्यांना ते समजते. त्याऐवजी चित्र हातात घ्यावे, खिडकीपाशी न्यावे, एखाद्या जागेवर बोट ठेवून काही विचारावे. विसरभोळेपणा वाढलेल्या व्यक्तीला मात्र "हे काय काढले आहे?" असे विचारू नये, तिला ती परीक्षा वाटते आणि उत्तर सापडले नाही की ती कागद दडवते. अशा वेळी आपणच सांगावे: "हा हिरवा कोपरा पाहून मला आपल्या मळ्यातली विहीर आठवली." मग थोडे थांबावे. उत्तर आले तर कागदाच्या मागे तारीख घालून तेही पेन्सिलीने लिहून ठेवावे.