तोटी नसलेला नळ

फाल्गुन सरत आला की विहिरीचे पाणी पायरी-पायरीने खाली जाऊ लागते आणि घरात पाण्याचा विषय निघतो. पूर्वी पाणवठ्यावरून डोक्यावर हंडा आणणारी बाई थेंब सांडू देत नसे. आता नळ दारात आला. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने घरोघर नळजोडणी आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी असा हिशेब धरला. डोक्यावरचे ओझे उतरले, याचा आनंद कोणाला होणार नाही?

पण पाणी सुटते त्या वेळी गल्लीतून एक फेरी मारून पाहा. चार-दोन नळांना तोटीच नसते. कुणाची मोडली ती पुन्हा बसवली नाही. कुणी मुद्दाम काढून ठेवली, का तर हंडा लवकर भरतो. हंडा, कळशी, बॅरल भरले की पुढचे पाणी अंगणात आणि तेथून गटारात. विचारावे तर उत्तर ठरलेले, “अहो काकू, पाणीपट्टी वर्षाची भरलीय. नळ चालू राहिला काय अन् बंद केला काय, पैसे तेवढेच.”

पैसे तेवढेच, हे खरे. पण पाणी कुणाचे जाते? कालव्याच्या टेलला ज्यांचे रान आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. वरच्यांनी पाट मोकळा सोडला की टेलवाल्याचा ऊस वाळतो. गावच्या नळाचेही तसेच. उताराच्या आळीत उघड्या नळांतून पाणी मोकळे सुटले की पाइपातला दाब पडतो आणि चढावरच्या किंवा लांबच्या वस्तीत नळ नुसता फुसफुसतो. तेथली सूनबाई रिकामा हंडा मांडून ताटकळते आणि शेवटी पुन्हा विहिरीची वाट धरते. मग एक दिवस तिच्या घरचे नळाला मोटर जोडतात. मोटर लावणाऱ्याला सारे गाव नावे ठेवते. माझ्या मते तोटी नसलेल्या नळाचा मालकही त्याच्याच पंगतीतला.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आपल्याकडे पाणी तास-दोन तास सुटते, बाकी वेळ पाइप रिकामा. पाणी बंद झाल्यावर पाइप रिकामा होताना आत ओढ निर्माण होते. नळाचे उघडे तोंड किंवा गळका सांधा गटाराच्या डबक्यात बुडालेला असेल, तर तेथली घाण आत खेचली जाते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाण्याबरोबर लोकांच्या माठात जाते. मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. पावसाळ्यात हगवणीची, काविळीची साथ आली की टाकीत टीसीएल पावडर टाकली का, म्हणून आपण ग्रामपंचायतीच्या शिपायाला धारेवर धरतो. धरावेच. पण खड्ड्यातला आपला नळही वर घ्यावा. नळ जमिनीपासून हातभर उंच असावा, खाली हंडा ठेवण्यापुरता ओटा आणि पाण्याला वाहून जायला वाट असावी.

तोटी असूनही ठिबकते, हे दुखणे घरावर टाकी असलेल्यांचे. तेथे पाणी दिवसरात्र गळते. नळाखाली लिटरचे माप ठेवून घड्याळ लावा. तासात भरले तर दिवसाचे २४ लिटर आणि वर्षाचे ८,७६० लिटर गेले. म्हणजे एका माणसाच्या रोजच्या ५५ लिटरांतले जवळजवळ निम्मे. द्राक्षाला ठिबक लावून पाणी मोजून देणाऱ्या घरातही न्हाणीघरातली तोटी तशीच ठिबकत असते! आट्याच्या तोटीतले रबरी वायसर झिजलेले असते. आपण तोटी आणखी जोराने पिळतो आणि आटेही जातात. आधी टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करावा, पान्ह्याने तोटीचा वरचा भाग उघडावा आणि जुने वायसर दुकानात दाखवून त्याच मापाचे आणावे. विहिरीतून फूटव्हॉल्व्ह काढून दुरुस्त करणाऱ्या गड्याला हे काय अवघड? टाकी भरून वाहत असेल तर तिच्या आतला तरंगता व्हॉल्व्हही पाहून घ्यावा.

शहरात नळाच्या तोंडाला एक बारीक जाळी बसवतात. तीत पाण्यात हवा मिसळते आणि धार कमी पाण्यात भरघोस वाटते. हात धुण्याच्या नळाला ती चांगली. बादली भरायच्या नळाला तिचा उपयोग नाही, बादलीला लागायचे तेवढे पाणी लागतेच. आपल्या कमी दाबाच्या नळाला तर तिचा फारसा गुणही येत नाही.

नवा संडास बांधत असाल तर भांडे निवडताना घाई करू नका. ग्रामीण पद्धतीच्या भांड्याचा उतार २५ ते २८ अंशांचा असतो आणि त्याच्या बाकदार नळीत वास अडवायला २० मिलिमीटर पाणी थांबते, त्यामुळे दीड-दोन लिटरांत ते साफ होते. जुन्या घडणीची फ्लशची टाकी एका वेळी दहा-बारा लिटर ओतते. पाहुण्यांत मिरवायला म्हणून ती बसवणाऱ्यांनी उन्हाळ्यात ती भरायची कोणी, हेही ठरवून ठेवावे.

आरओचे यंत्र एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर बाहेर टाकते. पाणी मचूळ नसेल तर ते घेऊच नये, गाळून उकळलेले पाणी पुरते. असेलच तर बाहेर टाकलेल्या पाण्याने फरशी पुसावी, भांड्यांचा पहिला हात उरकावा. परसातल्या भाजीला ते रोज घालू नये, क्षार साचतात.

कपडे धुण्याच्या यंत्राबद्दलही विचारणा होते. समोरून दार उघडणारे यंत्र पाणी कमी घेते, पण त्याला नळाचा दाब आणि न जाणारी वीज हवी. आपल्याकडे दोन टबांचेच सोयीचे, ते बादलीने भरता येते. साबणाचे एकच पाणी पुरवून वापरावे. आधी पांढरे कपडे, मग रोजचे, शेवटी रानातले. खळबळताना मात्र वरून पाइप चालू सोडू नये, पाणी खरे जाते ते तेथेच. टब भरून दोनदा खळबळले की साबण निघतो, आणि दुसऱ्या खळबळीचे पाणी बादलीत काढून ठेवले तर पुढच्या कपड्यांना पहिल्या खळबळीसाठी चालते.