ओले आणि ओवळे

इटलीतील व्हेनिस नगरीत २००६ साली शास्त्रज्ञांचा एक आंतरराष्ट्रीय मेळा भरला आणि पुढेही तो पुनःपुन्हा भरत राहिला. जैविक पदार्थ आणि कचरा यांपासून ऊर्जा कशी मिळवावी, हा त्याचा विषय. कोणी म्हणेल, उकिरड्याची चर्चा करायला ही स्वप्ननगरी कशाला? मी तसे म्हणणार नाही. जगाने टाकून दिलेल्या वस्तूचा विचार करायला चार बुद्धिमान माणसे जमतात, ही चांगलीच गोष्ट आहे. माझे भांडण आहे ते असल्या मेळ्यांची वार्ता ऐकून इकडे ‘कचऱ्यातून सोने’ अशी द्वाही फिरविणाऱ्या पुढाऱ्यांशी, आणि ती ऐकून टाळ्या पिटणाऱ्या तुमच्याआमच्याशी.

अहो, युरोपातल्या कचऱ्याची जातच वेगळी! त्यात कागद, पुठ्ठा, लाकूड फार. म्हणून तो पेटतो. तिकडचा हिवाळा कडक. त्यामुळे वीज करून उरलेली ऊब नळांवाटे घरोघर नेता येते. कोपनहेगनच्या अशा एका कारखान्याच्या उतरत्या छपरावर तर लोक हौसेने घसरायला जातात! आपल्या डब्यात काय असते? भाजीची देठे, केळीच्या साली, कालचा भात, चहाचा चोथा. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. तेव्हा आपल्या कचऱ्याची भट्टी आधी त्यातले पाणीच आटवीत बसते.

दिल्लीने हा प्रयोग करून पाहिला आहे. १९८७ साली तिमारपूर येथे डेन्मार्कच्या साह्याने कारखाना उभा राहिला. रोज ३०० टन कचरा जाळावा आणि पावणेचार मेगावॅट वीज काढावी, असा बेत होता. पण कचरा नीट पेटेना, आणि थोड्याच दिवसांत कारखाना थंडावला. यंत्र परदेशातून आणता येते. त्याला मानवेल असा कचरा कोठून आणणार?

मग ओल्या कचऱ्याचे करावे काय? तो जाळू नये, कुजवावा. हवाबंद टाकीत सूक्ष्म जंतू तो फस्त करतात आणि ज्वलनशील वायू सोडतात. उरलेल्या गाळाचे खत होते. एवढे समजायला व्हेनिसला जायला नको. १८९७ साली आपल्या मुंबईतच, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात, मैल्यापासून वायू काढून दिवे लावले गेले. पुढे जशभाई पटेलांनी गोबर गॅसचे संयंत्र घडविले आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते खेडोपाडी नेले. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्या अन्नावर चालणारी घरगुती टाकी केली. २००६ साली तिला ब्रिटनचे ॲश्डेन पारितोषिक मिळाले. विद्या तर घरचीच आहे. मग घोडे अडते कुठे?

ते अडते डब्यापाशी. जंतूंना भाताची शिते चालतात. दाढीचे पाते, फुटकी बाटली, तुटकी चप्पल चालत नाही. म्हणून ओले आणि सुके वेगळे हवे. २०१६ च्या नियमांनी ते घरोघर बंधनकारक केले. आमच्या इमारतीत दोन डबे आले, तेव्हा एक सुशिक्षित गृहस्थ मला म्हणाले, “कचऱ्यात कसले आले सोवळे-ओवळे?” मी थक्क झालो! खरकटे कोणते आणि निर्लेप कोणते, याचा काटेकोर हिशेब ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या ठेवला, त्याला ओले आणि सुके एवढे दोनच भेद जड जावेत? जड जाते ते निराळेच. दाराबाहेर टाकले की ते आपले उरले नाही, पुढचे काम ‘त्यांचे’, ही समजूत काही केल्या सुटत नाही. ‘त्यांचे’ म्हणजे कोणाचे, हे मी सांगायला नको.

हे सोवळेच मला ओवळे वाटते. पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली आपली संघटना बांधली. २००८ साली त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि घरोघरचा कचरा गोळा करू लागली. अशा बाईच्या हाती आपण ओल्यासुक्याचा काला ठेवतो. शिळ्या आमटीत बुडालेली काच ती बोटांनी चाचपून काढते. “आम्ही कर भरतो,” हे आपले ठरलेले उत्तर. पण कापलेल्या बोटाचा जमाखर्च कोणत्या करात धरला आहे?

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धन या पदवीधर ब्राह्मणाने सफाईचे काम आपल्याला करू द्यावे, म्हणून उपवास आरंभिला. येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी अन्न वर्ज्य केले. तुम्हांआम्हांकडे कोणी उपवास मागत नाही. दोन डबे मागतात, तेवढे आपण देऊ शकत नाही?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. चाल मोठी सुंदर आहे. पण केरसुणीची पूजा आणि केर उचलणारीचा विटाळ ही दोन्ही एका घरात नांदू नयेत. वाचकहो, यंदा फराळाचे खरकटे एका डब्यात आणि मिठाईचे पुठ्ठे दुसऱ्या डब्यात जाऊ द्या. मेगावॅटच्या गोष्टी आपण त्यानंतर बोलू.