स्कॅन झालं, मग काच कशाला ठेवायची?

राजा दीनदयाळ हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? हैदराबादच्या निजामांचे फोटोग्राफर, मुंबईतही स्टुडिओ असलेले. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हा माणूस आपल्याच जातकुळीतला! 1866 साली रुरकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं आणि नंतर इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे आणि एस्टिमेटची कामं केली. कॅमेरा हातात आला तो तिथे. त्यांच्या 2857 काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

आता आपल्यातला कुणीतरी लगेच म्हणेल, "अरे, स्कॅन करा, हार्ड डिस्कवर टाका. जड काचा कशाला सांभाळता?" प्रश्न रास्त आहे. काच फुटते, जागा खाते. तिच्यावरच्या जिलेटिनला दमट हवेत बुरशी धरते, कडेची चांदी काळवंडते. प्रत्येक प्लेट कागदी पाकिटात घालून लांब कडेवर उभी ठेवायची, हवा थंड आणि कोरडी राखायची, म्हणजे खर्च आलाच. शिवाय इमल्शन खरवडलं की तीच काच फोटोफ्रेमला चालते, हा मोह वेगळाच!

तरीही माझं म्हणणं आहे, काच ठेवलीच पाहिजे. का, ते एका रशियन केमिस्टच्या गोष्टीवरून सांगतो.

सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की याने झारच्या काळातला रशिया फिरून टिपला. रंगीत फिल्म तेव्हा नव्हती. मग हा पठ्ठ्या एकाच उभ्या काचेवर एकच दृश्य लागोपाठ तीनदा घ्यायचा, निळ्या, हिरव्या आणि लाल फिल्टरमधून. तिन्ही प्रतिमा कृष्णधवलच. पण त्याच रंगांच्या प्रकाशातून त्या पडद्यावर एकमेकींवर पाडल्या, की रंग जिवंत व्हायचे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1948 मध्ये त्याच्या मुलांकडून 1902 निगेटिव्ह विकत घेतल्या. सोबत अल्बमही होते, पण त्यातले प्रिंट एकरंगी. समजा, तेव्हा कुणी हिशेबी माणूस म्हणाला असता, "चित्रं अल्बममध्ये आहेतच, काचा टाकून द्या," तर? रंग कायमचे गेले असते. काचा टिकल्या म्हणून 2000 नंतर त्या स्कॅन झाल्या आणि कॉम्प्युटरने तिन्ही प्रतिमा जुळवल्या. शंभर वर्षांपूर्वीचे शेतकरी, नद्या, पूल आज आपण रंगांत बघतो.

मुद्दा हाच आहे. अल्बम ही त्या काळची 'कॉपी' होती. आपलं स्कॅन ही आपल्या काळची कॉपी. कॉपी करणारा त्याला जे महत्त्वाचं वाटतं तेवढंच उचलतो. पुढचा माणूस काय शोधणार आहे, हे त्याला कुठे ठाऊक असतं? लॅबमध्ये आपण फेअर जर्नल लिहितो, पण सर बघायला मागतात ती रफ रीडिंग्ज. काच म्हणजे ती रफ रीडिंग्ज!

स्कॅनिंग नको असं अजिबात नाही. उलट ते झालंच पाहिजे, म्हणजे मूळ प्लेटला वारंवार हात लागणार नाही आणि होस्टेलच्या खोलीत बसूनही चित्र बघता येईल. पण स्कॅन म्हणजे मूळ वस्तू फेकायचा परवाना नव्हे. आणि हार्ड डिस्कचं म्हणाल, तर ऐन सबमिशनच्या आदल्या रात्री तिने कुणाकुणाला रडवलंय, ते प्रत्येक विंगला माहीत आहे.

तेव्हा सुट्टीत घरी गेलात आणि माळ्यावर किंवा गावातल्या बंद पडलेल्या स्टुडिओत काचांची खोकी दिसली, तर ती पुसायला पाणी, ओलं फडकं घेऊ नका, भंगारवाल्यालाही बोलावू नका. कडेला धरून एक काच खिडकीसमोर उचला आणि नीट बघा. आधी उलटीपालटी सावली दिसेल. मग हळूहळू कुणाचा तरी चेहरा दिसायला लागेल. तो बघितल्यावर काच टाकायची की ठेवायची, ते ठरवा.