खतवाल्यांची फटफटी



गेल्या पंधरवड्यात एका गावी शेतकरी उत्पादक कंपनीच्या बैठकीला जाण्याचा योग आला. खते, बियाणे, औषधे यांचे त्यांचे दुकान चार वर्षे नीट चालले आहे. उधारी आटोक्यात आहे, गोदाम स्वतःचे झाले आहे. आता तरुण संचालकांच्या मनात आले आहे की परदेशातून पॉवर वीडर मागवायचे, त्यावर आपल्या कंपनीचे नाव घालायचे आणि तालुकाभर विकायचे. एक जुने सभासद आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. ते म्हणाले, "खतवाल्यांनी खत विकावे. यंत्राच्या नादाला लागू नये." त्यावर एक तरुण संचालक म्हणाला, "तात्या, एकाच धंद्यावर किती दिवस बसायचं? साहेब, तुम्हीच सांगा काय ते."

मी लगेच हो किंवा नाही म्हटले नाही. एक गोष्ट सांगितली. गोष्ट अमेरिकेतली आहे, पण ती खतवाल्यांची आहे आणि खरी आहे. बैठकीतल्या मंडळींना ती उपयोगी पडली, म्हणून आज आपल्यापुढे ठेवतो.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगन नावाचे राज्य आहे. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात अथीना नावाचे एक लहान गाव आहे. वस्ती जेमतेम हजार-बाराशे. आपल्याकडच्या एखाद्या लहान खेड्याएवढीच. भोवती गव्हाची आणि वाटाण्याची शेती, पलीकडे ब्लू माउंटन्सचे डोंगर. या भागातला मऊ पांढरा गहू जहाजाने जपानला जातो, तिथे त्याचे केक आणि बिस्किटे होतात.

या मुलखात शेतकऱ्यांना खते-औषधे पुरवणारी 'फार्म केमिकल्स ऑफ ओरेगन' नावाची कंपनी होती. तिने १९६१ च्या सुमारास एक पोटकंपनी काढली. नाव 'पॅसिफिक बेसिन ट्रेडिंग कंपनी', बोलायला सोपे म्हणून 'पाबाटको'. हेतू असा की आपल्याकडचा शेतमाल समुद्रापलीकडे विकावा आणि तिकडचे काही आणून इकडे विकावे. तिकडचे आणायचे ते काय, याचा शोध घेता घेता त्यांची नजर यामागुची नावाच्या जपानी मोटारसायकलीवर पडली. खते विकणारी माणसे फटफटी विकू लागली.

वेळ त्यांनी बरी साधली होती. होंडा कंपनीने १९५९ साली अमेरिकेत दुकान मांडले होते आणि लहान, स्वच्छ, स्वस्त मोटारसायकल घराघरांत पोचू लागली होती. १९६० साली त्या देशात नोंदलेल्या मोटारसायकली सहा लाखांच्या आत होत्या. १९७५ साली त्या पन्नास लाखांच्या घरात गेल्या. पंधरा वर्षांत आठपट! असा बाजार चढता असला की पेरलेले काहीही उगवेल असे वाटते.

पण १९६३ साली यामागुची कंपनीचे दिवाळे निघाले. अथीनाच्या मंडळींकडे विक्रेते होते, गिऱ्हाईक होते आणि विकायला माल नव्हता. पेरणी तोंडावर यावी आणि ज्याच्याकडे बियाण्याचे पैसे भरले त्याच्या दुकानाला कुलूप दिसावे, तशी गत झाली.

आता इथून त्यांच्या शहाणपणाची गोष्ट सुरू होते. यामागुचीला इंजिन पुरवणारा कारखाना जपानात नागोया शहरात होता. त्याचे नाव होडाका. यामागुची बुडाल्याने त्याचेही मोठे गिऱ्हाईक गेले होते. एकाकडे इंजिन होते पण विकणारा नव्हता, दुसऱ्याकडे विकणारे होते पण गाडी नव्हती. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला आणि दोघांनाही वाट सापडली. ठरले असे की गाडी कशी हवी हे अथीनाने सांगायचे, ती नागोयाने बनवायची आणि विकायचीही अथीनानेच. गाडीला नाव दिले होडाका.

गाडी कशी हवी हे त्यांना ठाऊक होते, कारण ती चालवणार कुठे हे त्यांना दारातच दिसत होते. अमेरिकेच्या पश्चिमेकडे सरकारी जमीन अफाट आहे. एकट्या ओरेगनमध्ये निम्म्याहून अधिक जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. जंगल, डोंगर, माळ आणि त्यांतून जाणाऱ्या कच्च्या वाटा. सुट्टीच्या दिवशी तिथे गाडी घालण्याची हौस तरुणांना लागली होती. पण त्या काळी दणकट म्हणून मिळणाऱ्या इंग्लिश मोटारसायकली दीडशे ते दोनशे किलोंच्या. चढणीवर अडकल्या की दोन गड्यांनीही हलत नसत. दुसरीकडे ज्या हलक्या जपानी गाड्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच शहरातल्या डांबरी रस्त्यासाठी केलेल्या. पत्र्याचा सांगाडा, खाली टेकणारे पोट. दगडावर आपटल्या की कामातून गेल्या.

१९६४ साली 'एस ९०' नावाची होडाका बाजारात आली. इंजिन ९० सीसीचे, टू-स्ट्रोक. पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपात आपण ऑईल मिसळून पेट्रोल घालतो, त्याच जातीचे. त्यात झडपांचा खटाटोप नाही, भाग कमी, वजन कमी आणि बिघडले तर झाडाखाली बसून उघडता येते. सांगाडा पत्र्याचा न करता नळ्यांचा केला, इंजिनाला खालून कवेत घेणारा. सगळे वजन शंभर किलोंच्या बरेच आत. शेतावरच्या पोरालाही पडलेली गाडी एकट्याने उचलता यावी अशी. पहिल्या दोन-एक वर्षांत दहा हजारांच्या आसपास गाड्या खपल्या.

नाव कोणाला ठाऊक नव्हते, ही मोठी अडचण होती. होंडा, यामाहा, सुझुकी यांच्याकडे जाहिरातीला पैसा होता. खतवाल्यांकडे नव्हता. मग त्यांनी विनोदाचा आधार घेतला. इतर कंपन्या गाड्यांना वाघ-सिंहांची किंवा नुसत्या आकड्यांची नावे देत. यांनी एका गाडीचे नाव ठेवले 'सुपर रॅट', म्हणजे थोर उंदीर. दुसरीचे 'डर्ट स्क्वर्ट', म्हणजे चिखलाची पिचकारी. तिसरी 'रोड टोड', रस्त्यावरचा बेडूक. चौथी 'वॉम्बॅट', हा ऑस्ट्रेलियातला बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी, आणि पुढे तिचीच लढाऊ बहीण 'कॉम्बॅट वॉम्बॅट'. माणूस हसला की नाव विसरत नाही. आपल्याकडे बैलाला हौसेने सर्जा-राजा म्हणतात, पण सबंध गाव ज्याला लाडाने 'उंदऱ्या' म्हणते तो बैलही कोणी विसरत नाही.

कित्येक अमेरिकन पोरांची पहिली गाडी होडाका होती. तिच्यावर ती पडायला शिकली, पान्हा धरायला शिकली आणि लहान-मोठ्या शर्यतींत धावली. चौदा वर्षांत अशा लाखाच्या वर गाड्या अमेरिकेत गेल्या. हजार-बाराशे वस्तीच्या गावातून चाललेल्या धंद्याला हे थोडे नव्हे.

इथवर ऐकून तो तरुण संचालक खुशीत आला. "बघा तात्या," म्हणाला. मी म्हटले, थांबा, पीक अजून खळ्यावर आलेले नाही.

होडाकाने दाखवून दिले की कच्च्या वाटेवरच्या हलक्या गाडीला गिऱ्हाईक आहे. ते मोठ्यांनीही पाहिले. ज्याच्या विहिरीला पाणी लागते, त्याच्या बांधाला लागून दुसऱ्या विहिरी पडायला वेळ लागत नाही. १९६८ साली यामाहाने 'डीटी-१' ही २५० सीसीची गाडी आणली. रस्त्यावरही चालणारी आणि रानातही. ती फार खपली. १९७३ साली होंडाने 'एल्सिनोर' नावाची २५० सीसीची खास शर्यतीची गाडी आणली आणि पुढच्याच वर्षी १२५ सीसीची. दुकानातून काढावी आणि तशीच शर्यतीला न्यावी अशी. मोठ्या कंपन्या दरवर्षी नवे इंजिन, नवे शॉक-अब्सॉर्बर आणू लागल्या. होडाकाचा जोर ९० ते १२५ सीसीच्या लहान गाड्यांवर होता. त्यांची २५० सीसीची गाडी आली ती १९७५ च्या सुमारास, वाफसा निघून गेल्यावर.

दुसरा घाव चलनाचा. हा आपल्याला नीट समजून घ्यायला हवा. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० जपानी येन हा भाव बांधलेला होता. १९७१ नंतर ते बंधन सुटले. डॉलर घसरत गेला आणि १९७८ साली तर २०० येनच्याही खाली उतरला. हिशेब करून पाहू. समजा, एक गाडी कारखान्यातून ९०,००० येनला निघते. ३६० च्या भावाने ती अमेरिकेतल्या व्यापाऱ्याला २५० डॉलरला पडते. २०० च्या भावाने तीच ४५० डॉलरला पडते. गाडीत एक खिळाही वाढला नाही, पण किंमत जवळजवळ दुप्पट झाली. होंडा-यामाहालाही हा फटका बसला, पण त्यांचा माल जगभर जात होता. एका शेतातला तोटा दुसऱ्या शेतात भरून काढता येतो. होडाकाचे बहुतेक पीक एकाच शेतात, अमेरिकेत.

तिसरी गोष्ट मालकीची. मधल्या काळात खतांची ती मूळ कंपनी शेल या तेलाच्या बड्या कंपनीने विकत घेतली. तिच्यासोबत पाबाटको आणि फटफटीचा धंदाही शेलकडे गेला. गव्हाच्या गावातल्या हौशी माणसांना ही फटफटी म्हणजे पोटचे पोर होते. तेलाच्या कंपनीच्या वहीत ती एक बारीकशी ओळ होती. हात घट्ट करायची वेळ आली की बारीक ओळी आधी खोडल्या जातात. १९७८ साली होडाका बंद झाली.

मंडळी क्षणभर गप्प झाली. मग तात्या म्हणाले, "म्हणजे मीच बरोबर होतो."

मला तसे वाटत नाही. तात्यांचे ऐकून अथीनाची माणसे खताच्या दुकानातच बसली असती, तर चौदा वर्षांचा तो धंदा झालाच नसता. यामागुची बुडाली त्या दिवशी हात टेकले असते तरीही झाला नसता. गाडी कुठे आणि कोण चालवणार हे ओळखण्यात त्यांची चूक झाली नाही. त्यात ती मोठ्या कंपन्यांच्याही पुढे होती. उणे होते ते हातातल्या दोऱ्यांत. कारखाना दुसऱ्याचा, चलन दुसऱ्याचे आणि शेवटी मालकीही दुसऱ्याची. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान भागते, पण ओंजळ कधी मिटायची ते त्याच्या हाती नसते.

म्हणून बैठकीत मी चार प्रश्न फळ्यावर लिहून दिले. ज्या गावांत असा विचार चालू असेल त्यांनीही ते आपल्या वहीत उतरून घ्यावेत.

पहिला, हे यंत्र आपल्या मातीत चालते का? आपल्या काळ्या जमिनीत, ओलीत आणि कोरड्यात, सभासदांच्या शेतावर एक हंगाम चालवून पाहिल्याशिवाय मोठी मागणी नोंदवू नये. परदेशातल्या रेताड जमिनीतला पास इथे उपयोगाचा नाही.

दुसरा, सुटे भाग आणि दुरुस्ती कोणाकडे? यंत्रे मागवण्याच्या आधी गावातल्या दोन मुलांना ती उघडायला आणि जोडायला शिकवावे. पाती, बेल्ट, कार्ब्युरेटर, पिस्टन-रिंग यांचा निदान एका हंगामाचा साठा आपल्या गोदामात असावा.

तिसरा, पुरवठादार बुडाला किंवा डॉलर चढला तर? देणे परदेशी चलनात असेल तर रुपया पडल्यावर किंमत किती होईल याचा हिशेब आजच मांडावा. त्या किंमतीला आपला सभासद घेणार नसेल, तर तो धंदा आजही आपला नव्हे. दुसरा पुरवठादार कोण, हेही आजच लिहून ठेवावे.

चौथा, हा धंदा कोणाच्या वहीत राहणार? भांडवलासाठी बाहेरचा भागीदार घ्यायचा झाला तर निर्णयाचा हक्क सभासदांच्या हाती राहील असे कागदावर पक्के करावे. तोंडी नको.

बैठकीत ठरले ते असे. पन्नास यंत्रांची मागणी रद्द, आधी चारच आणायची. त्यांतले एक तात्यांच्या उसाच्या सरीत चालणार. तात्यांनी अट घातली की बिघडले तर दुरुस्तीला आलेल्या पोराचा चहा माझ्याकडे, पण खोळंबा कंपनीच्या खात्यावर. तरुण संचालकाने ती मान्य केली.

आणि अथीनाचे काय झाले, हे तात्यांनीच निघताना विचारले. गाव आहे तिथेच आहे आणि गहूही पिकतो आहे. कारखाना बंद पडून बरीच वर्षे लोटल्यावर जुन्या होडाका जपणारी हौशी माणसे त्या गावात मेळा भरवू लागली. केस पिकलेले ते लोक आपापल्या 'सुपर रॅट' आणि 'वॉम्बॅट' घेऊन येत, टू-स्ट्रोकचा धूर काढत गावातून फिरत. कंपनी गेली तरी माणसांनी गाडी टाकली नाही, कारण ती त्यांच्या वाटेसाठी केलेली होती.

तात्या म्हणाले, "मग त्यांनी तेवढी दोरी आपल्या हातात ठेवायला हवी होती."

एवढे ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.