रजिस्ट्री झाली, पुढे?

जुन्या वाड्याच्या जागी असो वा नव्या भूखंडावर, उज्जयिनीत घर बांधू इच्छिणाऱ्यांनी एक भेद ध्यानी ठेवावा. रजिस्ट्रीने जमिनीची मालकी मिळते. बांधण्याची अनुज्ञा नव्हे. ती १९५६ च्या अधिनियमानुसार नगर निगम देते. घराची उंची, सभोवारची मोकळी जागा इत्यादी गोष्टी २०१२ च्या मध्य प्रदेश भूमी विकास नियमांत बसाव्या लागतात. क्षिप्रेकाठी सिंहस्थ मेळ्यासाठी राखलेली जमीन स्वस्त मिळाली, तरी तेथे पक्क्या घराचा नकाशा मंजूर होत नाही. पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. म्हणून इसार देण्यापूर्वीच विकास योजनेत त्या जमिनीचा उपयोग कोणता दाखविला आहे, हे पाहावे. रिकामी दिसणारी जमीन मोकळी असतेच असे नाही.