तुम्ही कोण लागता हिच्या?

'त्याचा यार' म्हटलं की चहाच्या टपरीवर खांद्यावर हात टाकून उभा असलेला दोस्त डोळ्यांपुढे येतो. 'तिचा यार' म्हटलं की काय येतं, ते सांगायला नको. शब्द तोच. त्याच्याकडे गेला की इमान, तिच्याकडे आला की लफडं.

पुरुषांच्या मैत्रीला मराठीत नावांचा तोटा नाही. दोस्त, यार, जिगरी, गडी, भिडू. आणि लंगोटीयार! लहानपणी एकत्र मातीत खेळलेल्या दोन मुलींसाठी असा एक बोलीतला शब्द सांगा बरं. 'बालमैत्रीण' निबंधात शोभते. सई होती, गडणी होती, जात्यावरच्या ओव्यांत शेजी आहे. पण जातं गेलं, गडणी मंगळागौरीपुरती उरली आणि 'सखी' सरकारने २०१५ पासून वन स्टॉप सेंटरच्या पाटीवर नेऊन लावली.

उलट पुरुषामुळे जोडल्या गेलेल्या बायकांची नावं बघा. जाऊ, नणंद, विहीण, सवत. एकेकीला नेमका शब्द. नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला नाव आहे. जिला रात्री दोन वाजता हाक मारता येते तिला 'मैत्रीण' या एका शब्दावर भागवायचं. मुलाचा दोस्त लग्नानंतरही दोस्तच राहतो. मुलीची मैत्रीण 'माहेरची' होऊन जाते.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. मार खाल्लेल्या बाईला चौकीत किंवा दवाखान्यात आणणारी अनेकदा शेजारीण असते, नाहीतर बरोबर कामाला जाणारी. खिडकीवरचा प्रश्न ठरलेला: 'तुम्ही कोण लागता हिच्या?' 'मैत्रीण' म्हटलं की, 'म्हणजे जवळचं कुणी नाही का?' मग ती बिचारी सरळ 'बहीण' सांगून मोकळी होते. ज्याने मारलं तो मात्र 'जवळचा'. त्याची सही चालते!

कायदा इतका कोता नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातल्या कलम ४ प्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याला खबर कुणीही देऊ शकतं, नात्याची अट नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर सज्ञान बाईला साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, मैत्रिणीला आपली प्रतिनिधी नेमता येते.

आणि आपण काय करतो? शिबिरात पाऊल टाकलं की सगळ्या 'ताई'. वस्तीतल्या घरात शिरायला 'ताई' सोयीची पडते, हे मान्य. पण ताई म्हटलं की थोरली-धाकटी आली, मान राखणं आलं. मैत्रिणीशी बरोबरीने भांडता येतं. नात्याचा पदर घेतल्याशिवाय बायकांची जवळीक उजेडात आणायची नाही, हा नियम आपणही का पाळावा?

कॉलेजातल्या मुली हल्ली एकमेकींना 'यार' म्हणतात. भाषा बिघडली म्हणून ओरड आहे. बिघडू द्या, त्या शब्दावरचा डाग त्या पुसताहेत. 'भाई' मात्र मला खटकतं. पुन्हा नात्याचीच उसनवारी, तीही पुरुषाकडून.

तेव्हा मैत्रिणींनो, यापुढे अर्जावरच्या 'नाते' या रकान्यात 'मैत्रीण' असंच लिहा. कारकुनाने खोडलं, तर कोणत्या नियमाने खोडलं ते त्याच्याकडून लेखी मागा.