नागपूरच्या वाटेवरील हृदयरुग्ण

हृदयविकाराच्या झटक्यावर उत्तम उपाय कोणता, या प्रश्नाचे ‘अँजिओप्लास्टी’ हे उत्तर आता सर्वतोमुखी झाले आहे. उत्तर चूक नाही. मात्र निदानानंतर सुमारे दोन तासांच्या आत बंद पडलेली रोहिणी उघडता येत असेल तर, अशी अट वैद्यकशास्त्रानेच त्याला घातली आहे. ही अट यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून पाहिली की चित्र पालटते. उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरांहून दूर. यवतमाळहून नागपूर आणखी सुमारे दीडशे. झरी जामणीतील एखाद्या कोलाम पोडावरून तर आधी डांबरी सडक गाठावयाची!

अशा रुग्णासाठी दुसरा उपाय आहे आणि तो जुना आहे : रोहिणीतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या पाहणीत सतरा हजारांवर रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेज व ॲस्पिरिन यांपैकी काहीच न मिळालेल्यांपैकी १३.२ टक्के रुग्ण पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले. दोन्ही मिळालेल्यांत हे प्रमाण ८ टक्क्यांवर आले. नंतर टेनेक्टेप्लेजसारखी, एकाच मात्रेत देता येणारी औषधे आली.

मग तालुक्याचा डॉक्टर ‘पुढे न्या’ अशी चिठ्ठी का देतो? त्याला दोष देणे सोपे आहे. हे औषध प्रत्येक झटक्यावर चालत नाही. ईसीजी अचूक वाचावा लागतो, आणि क्वचित मेंदूत रक्तस्राव होऊन रुग्ण दगावतोही. रात्रपाळीच्या एकट्या डॉक्टरने ही जोखीम कोणाच्या भरवशावर घ्यावी? तामिळनाडूने २०१२ ते २०१४ या काळात लहान रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडली, ईसीजी तज्ज्ञाकडे पाठविण्याची सोय केली आणि इंजेक्शन मिळालेला रुग्ण पुढे अँजिओग्राफीसाठी हलविला. तेथील वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर उतरले. अर्थात इंजेक्शन आणि अँजिओप्लास्टी हे प्रतिस्पर्धी नव्हेत. पहिले दुसरीपर्यंत पोहोचविते.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टीचा खर्च भागतो, ही मोठीच सोय. परंतु ती वाटेच्या शेवटी आहे. नव्या हृदयविभागाचे उद्घाटन थाटाने होते. ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटातील कुपीसाठी कोणी फीत कापत नाही. जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेला विचारावयाचे ते हेच : प्रत्येक तालुक्यात ही कुपी आज आहे काय, आणि मध्यरात्री ईसीजी पाहून ‘द्या’ म्हणणारा तज्ज्ञ दूरध्वनीवर आहे काय? छातीतील कळ ‘पित्ताची’ समजून सोडा पिण्यात घरी जाणारे तास यात धरलेलेच नाहीत.